‘द एलियन्स आर कमिंग’: पायलट विकला गेला नाही म्हणजे नक्की काय झालं

२ मार्च १९८० ला अमेरिकेतल्या एका मोठ्या टीव्ही नेटवर्कवर ‘द एलियन्स आर कमिंग’ ही दोन तासांची फिल्म एका सिरीजचा पायलट, म्हणजे नमुना भाग, म्हणून लागली आणि तिथेच विषय संपला, सिरीज काही आली नाही. बनवणारी कंपनी तीच जिने १९६७-६८ मध्ये ‘द इन्व्हेडर्स’चे ४३ एपिसोड केले होते. त्यात परग्रहवासी माणसांसारखेच दिसायचे, बऱ्याच जणांची फक्त करंगळी ताठ राहायची, आणि मेले की जळून राख, म्हणजे पुरावाच शिल्लक नाही. १९८० मध्ये करंगळी वगैरे गेली, सरळ परकायाप्रवेशच आला.

आता ‘अनसोल्ड पायलट’ हा शब्द घ्या, याने फार घोळ होतो. ऐकून वाटतं की माल कुणी घेतलाच नाही, डब्यात पडून राहिला. आपल्याकडेही पायलट म्हणजे चॅनेलवाल्यांना दाखवायला काढलेला एपिसोड, तो पास झाला नाही तर प्रेक्षकांना कळतही नाही, म्हणून हा गैरसमज आणखी पक्का होतो. पण तिकडे साठच्या दशकाच्या मध्यापासून लांब पायलट टेलिफिल्म म्हणूनच दाखवायला लागले होते, म्हणजे सिरीज झाली तर उत्तम, नाही झाली तरी एक रात्र भरली आणि खर्च वाया गेला नाही. विकली जात नव्हती ती पुढची सिरीज, फिल्म तर रीतसर लागत होती. यात मार खाते ती गोष्ट, कारण पुढच्या आठवड्यासाठी शत्रू जिवंत ठेवावाच लागतो, आणि मग पुढचा आठवडा आलाच नाही की लोक म्हणतात अर्धवट फिल्म आहे. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं. पहिलं प्रकरण वाचून अख्ख्या कादंबरीला नापास करण्यासारखं आहे हे.

जुन्या ‘द इन्व्हेडर्स’चीच कॉपी म्हणून सिरीज नाकारली असं सहज म्हटलं जातं. पण तो काळही बघायला हवा, १९७८ ला मोठ्या थाटात सुरू झालेली ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ एपिसोडमागे सुमारे दहा लाख डॉलर खर्च करून एका सीझनमध्ये बंद झाली होती, सायन्स फिक्शनवर पैसे लावताना तेव्हा कुणीही दहादा विचार केला असता.

आणि परग्रहवासीयांच्या आक्रमणाचा विषय ‘द एलियन्स आर कमिंग’ दाखवणाऱ्या नेटवर्कने सोडला नाहीच. मे १९८३ मध्ये दोन रात्रींची ‘व्ही’ आली, यातले परग्रहवासी लपूनछपून नाही तर शहरांवर प्रचंड यानं आणून मित्र म्हणून उतरले. ती जोरात चालली, पुढच्या वर्षी दुसरा भाग आला, मग दर आठवड्याची सिरीज, जी १९८५ मध्ये १९ एपिसोडांवर थांबली.