पांढरं पडलेलं कोरल लगेच टाकून देऊ नका

खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमधलं कोरल (प्रवाळ) एका सकाळी पांढरंफट्ट दिसलं की बहुतेक जण म्हणतात गेलं, आणि काढून टाकतात. थांबा जरा! टॉर्च घेऊन बाजूने उजेड पाडा आणि अगदी जवळून बघा. पांढऱ्या सांगाड्यावर पारदर्शक, ओलसर, किंचित फुगीर कातडी दिसतेय ना? मग ते जिवंत आहे, फक्त उपाशी आहे. मेलेल्या सांगाड्यावर थोड्याच दिवसांत शेवाळ चढतं, त्यामुळे फरक कळतो.

कोरल हा प्राणी आहे पण त्याच्या पेशींच्या आत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर साखर बनवतं आणि बरीचशी कोरलला देतं, काही जातींची 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जा तिथूनच येते, तपकिरी रंगही त्याचाच. पाणी तापलं किंवा लाईट एकदम वाढला की या शैवालाचं काम बिघडतं, पेशींना घातक असे ऑक्सिजनचे रेणू साचतात आणि कोरल त्या शैवालालाच बाहेर काढतं, म्हणून ते पांढरं दिसतं.

इथे सगळ्यात मोठी चूक होते. कोरल फिकं पडलं म्हणून लोक लाईट वाढवतात. उलट करायला हवं! शैवाल गेल्यावर आत शिरलेला उजेड शोषायला कोणी उरत नाही, तो पांढऱ्या सांगाड्यावर आपटून परत कातडीतच फिरतो आणि जे थोडं शैवाल उरलंय त्यालाही भाजून काढतो. म्हणून लाईट कमी करा, कोरल खाली सावलीत ठेवा, पाण्याचा झोत थेट अंगावर नको.

पाण्याचं म्हणाल तर तापमान 25-26 अंश, सॅलिनिटी म्हणजे खारटपणा 35 पीपीटी (हजारात 35 भाग), अल्कलिनिटी म्हणजे आम्ल झेलायची पाण्याची ताकद 8-9 डीकेएच (तिचं एकक), पण आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं, रोज काहीतरी नवीन ओतत बसू नका. आणि नायट्रेट, फॉस्फेट अगदी शून्यावर आणायचा हट्टही सोडा, शैवालाला तेही लागतं.

आता भरवायचं कसं? ब्रेन कोरलसारखी (मेंदूसारख्या वळ्यांची) मोठ्या तोंडाची कोरलं असतील तर रात्री लाईट गेल्यावर तासाभराने बघा, कडेने बारीक टेंटॅकल्स, म्हणजे भक्ष्य पकडायचे बोटांसारखे धागे, बाहेर आलेले असतात. पंप बंद करा, ड्रॉपरने वितळवलेल्या गोठीव मायसिस (अगदी छोट्या कोळंबीसारखा जीव) कोळंबीचा एकच तुकडा हळूच त्यावर सोडा. टेंटॅकल्स चिकटतात, कातडी वळते आणि दहा-पंधरा मिनिटांत तुकडा तोंडात सरकतो, हे बघताना खरंच जीव भांड्यात पडतो! आठवड्यातून दोनदा पुरे, उरलेलं काढून घ्या आणि पंप परत चालू करायला विसरू नका.

तपकिरी जेलीसारखं काही कातडीवर दिसलं तर तो रोग असतो, मग मात्र वाट बघायची नाही, ते नळीने ओढून घ्या आणि कोरल त्याच दिवशी वेगळ्या टँकमध्ये हलवा.

बाकी धीर धरा, आठवडे जातात, कधी महिनेही. रंग परतताना आधी तो निऑन हिरवा वगैरे दिसेलच असं नाही, बहुतेकदा आधी मळकट तपकिरी छटा येते. ती सगळीकडे पसरू द्या, मगच लाईट थोडा थोडा वाढवायला घ्या.