गाठीला शेक, पण किती? चुंबकीय उष्मोपचाराची पार्श्वभूमी

गोव्यातल्या करंजाळ्याच्या वाळूत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक फिरवला की काळे बारीक कण त्याला दाढीसारखे चिकटतात. आम्हा गोंयकारांना लोहखनिज ट्रक आणि बार्जच्या हिशेबाने माहीत. धातूचा एवढासा कण माणसाच्या कर्करोगाच्या गाठीत ठेवून बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राने तो तापवायचा, ही चुंबकीय उष्मोपचाराची कल्पना म्हणूनच पहिल्यांदा वाचली तेव्हा मनात घर करून राहिली.

उष्णतेने गाठ मारण्याची धडपड फार जुनी आहे. सुश्रुताने अग्निकर्म सांगितलं, आपल्या गावांत डाग देत. पण डागात रोगट मांस जळतं तसं चांगलंही जळतं. 1866 साली जर्मनीत कार्ल बुश यांनी वेगळीच नोंद केली: चेहऱ्यावर सार्कोमा ही कर्करोगाची गाठ असलेल्या बाईला धावरे हा त्वचेचा जंतुसंसर्ग होऊन सडकून ताप आला आणि गाठ विरली. 1890च्या दशकात न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी तर मुद्दाम जिवाणू टोचून रुग्णांना ताप आणला. गाठ विरण्यामागे प्रतिकारशक्तीचा हात होता, हे पुढे कळत गेलं. तरी उष्णतेवरचं लक्ष हटलं नाही, आणि ते योग्यच झालं. साधारण 42 अंश सेल्सियसच्या वर पेशींतली प्रथिनं बिघडू लागतात, आणि गाठीतला रक्तपुरवठा विस्कळीत असल्याने तिथली उष्णता लवकर वाहून जात नाही.

प्रश्न होता तो उष्णता नेमकी गाठीतच पोचवण्याचा. 1957 साली शिकागोत गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी लोह ऑक्साइडचे सूक्ष्म कण कुत्र्यांच्या लसिकाग्रंथींत पोचवले आणि उच्च वारंवारितेच्या चुंबकीय क्षेत्रात ते तापवून दाखवले. इंडक्शन शेगडीवर काच तापत नाही, पातेलं तापतं, तसंच हे.

पण पातेलं करपू नये म्हणून शेगडी बंद करावी लागते. शरीराच्या आत ते कोण करणार? या साऱ्या इतिहासात मला सर्वांत देखणं वाटतं ते याचं उत्तर. प्रत्येक चुंबकीय धातूचं एक तापमान असतं, क्युरी बिंदू. त्यापलीकडे त्याची चुंबकशक्ती ओसरते आणि तापणंही मंदावतं. लोखंडाचा क्युरी बिंदू 770 अंश, निकेलचा सुमारे 358. निकेलमध्ये तांबं मिसळत गेलं की तो खाली येतो, हवा तिथे आणून ठेवता येतो. 1971 साली बर्टन आणि सहकाऱ्यांनी असं तापायचं स्वतःच थांबणारं ‘बीज’, म्हणजे शरीरात रोवायची धातूची बारीक सळई, मेंदूतला नेमका भाग निकामी करण्यासाठी सुचवलं. 1980च्या दशकात ॲरिझोनातल्या संशोधकांनी गाठींसाठी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. गाठीत ओळीने रोवलेल्या या बारीक सळयांना तापमापकाची वायर लागत नाही.

पुढे बर्लिनच्या शारिते रुग्णालयात आंद्रेआस जॉर्डन यांनी पुन्हा कणांची वाट धरली. मेंदूतल्या गाठींसाठी त्या पद्धतीला 2010 साली युरोपात मान्यता मिळाली. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग पुन्हा उलटलेले 59 रुग्ण होते. कणांसोबत त्यांना रेडिएशनही दिलं होतं. गाठ उलटल्याचं निदान झाल्यापासून त्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) 13.4 महिने भरलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्या आकड्यावर माझा अर्धाच विश्वास आहे. ही पद्धत बाजारात आणणारी मॅगफोर्स कंपनी 2022 मध्ये दिवाळखोरीत गेली.

गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीबाहेर रांगेत बसलेल्या माणसाला मोबाइलवर याची बातमी येते, तेव्हा दोन गोष्टी तिच्यात बहुधा नसतात. या उपचारासाठी दातांतलं धातूचं भरणसुद्धा काढून घ्यावं लागे. आणि लोहाचे कण मेंदूत राहिल्यामुळे तिथली एमआरआय प्रतिमा बिघडते. गाठ उरली की गेली, हे पाहायला मग सीटी स्कॅनवर भागवावं लागतं.