खोक्यात राहिलेला साक्षीदार

'कोल्ड केस' ही अमेरिकी मालिका २००३ ते २०१० अशी सात वर्षं चालली. फिलाडेल्फिया शहराच्या पोलीस खात्यातली लिली रश आणि तिचे सहकारी वीस, तीस, कधी साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे न सुटलेले खून पुन्हा उकरून काढायचे. भागाचा साचा ठरलेला. आधी जुना काळ, जुनी गाणी आणि थोड्याच वेळात मरणार असलेलं एक हसतं माणूस. मग आजचा दिवस, कुणीतरी नवी माहिती घेऊन येतं आणि लिली गोदामातल्या फडताळांच्या रांगेतून एक पुठ्ठ्याचा खोका खाली काढते. त्यावर नाव आणि साल लिहिलेलं. खोका उघडला की गोष्ट सुरू.

गंमत अशी की खोका उघडल्यावर त्यातल्या वस्तूंचं फारसं काही होत नाही. लिली माणसांकडे जाते. म्हातारी झालेली मैत्रीण, घटस्फोट घेतलेली बायको, शेजारी. प्रत्येकाला एकेक प्रसंग आठवतो, अगदी संवादांसकट, अंगावरच्या कपड्यांच्या रंगांसकट. चाळीसाव्या मिनिटाला खुनी रडत कबुली देतो. नाट्य म्हणून झकास, पण विज्ञान इथे लेखकाच्या बाजूने उभं राहत नाही.

स्मृती म्हणजे माळ्यावरच्या ट्रंकेत घडी घालून ठेवलेली साडी नव्हे. आठवताना मेंदू ती दर वेळी नव्याने विणतो आणि विणताना हाताशी असलेला दुसरा धागाही वापरतो. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना 'लागल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा किती होता? आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच कुठेच नव्हती. 'लागल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण हो म्हणाले, 'आदळल्या' ऐकलेल्यांपैकी १६. फरक एका क्रियापदाचा आणि अवधी एका आठवड्याचा. तीस वर्षांत त्या साक्षीदाराने पेपरात काय वाचलं, घरात काय बोलणं झालं, पोलिसांनी पहिल्यांदा कसं विचारलं, हे सगळं त्याच्या आठवणीत मिसळलेलं असतं. तो खोटं बोलत नसतो, हीच खरी अडचण.

मालिकेने एक मात्र अचूक हेरलं होतं. काळ गेला की नाती बदलतात. तेव्हा भीतीने किंवा प्रेमापोटी गप्प बसलेली बायको आता बोलते. खरे तपास अधिकारीही या संधीची वाट पाहतात. पण तिचं बोलणं कोर्टात टिकायचं तर त्याला दुजोरा लागतो आणि तो पुन्हा त्या खोक्यातच शोधावा लागतो.

आपल्याकडे त्या खोक्याला मुद्देमाल म्हणतात. गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही, असं झालं की महाराष्ट्रात पोलीस 'ए समरी' मागतात, म्हणजे प्रकरण तात्पुरतं मिटतं. तात्पुरतं अशासाठी, की खुनाच्या गुन्ह्याला आपल्या कायद्यात मुदत नाही. नवा पुरावा आला तर तपास पुन्हा उघडता येतो. प्रश्न इतकाच, की तोवर मुद्देमालाची काय अवस्था झालेली असेल?

रक्ताने भिजलेला शर्ट ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, तर आत दमट हवा कोंडते, बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि त्यांची विकरं डीएनएचे तुकडे पाडतात. पाणी स्वतःही डीएनएच्या साखळीतले दुवे हळूहळू तोडतं आणि उष्णतेने हे काम आणखी वेगाने होतं. म्हणून नियम असा की कपडा आधी सावलीत वाळवायचा, मग कागदी पाकिटात ठेवायचा. कागदातून हवा खेळते. वाळलेला डाग कोरड्या, थंड जागी कित्येक दशकं तग धरतो. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातल्या चामडी चपलेवर आठ दिवसांत काय उगवतं ते ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं समजवायला नको.

आता डागात उरलेलं काय वाचायचं? आपल्या डीएनएत सुमारे ३२० कोटी अक्षरं आहेत. त्यात काही ठिकाणी चार-चार अक्षरांचं एखादं पालुपद ओळीने पुन्हा पुन्हा येतं. अकराव्या गुणसूत्रावरच्या 'टीएच०१' या जागी, समजा, आईकडून आलेल्या प्रतीत ते सहा वेळा असेल आणि वडिलांकडून आलेल्या प्रतीत नऊ वेळा. अशा बऱ्याच जागांवरची पालुपदं मोजली की आकड्यांची जी जुळणी तयार होते, ती एकसारख्या जुळ्या भावंडाखेरीज दुसऱ्या कुणात सापडणं जवळपास अशक्य. गुन्हेगारांच्या डीएनएच्या अमेरिकी राष्ट्रीय नोंदवहीत आधी अशा १३ जागा मोजत, २०१७पासून २० मोजतात. नमुना चिमूटभर असला तरी चालतं, कारण पीसीआर नावाच्या तंत्राने हव्या त्या भागाच्या प्रती दुप्पट, चौपट करत नेता येतात. अशा २८ फेऱ्या केल्या की कागदावर तरी एकाचे २६ कोटींहून जास्त होतात.

ही नजर इतकी तीक्ष्ण आहे की ती फसतेही. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या चाळीसेक गुन्ह्यांच्या जागी एकाच अज्ञात बाईचा डीएनए सापडत होता. खून, घरफोड्या, सगळीकडे तीच. हाइलब्रॉन गावात २००७ साली एका महिला पोलिसाची हत्या झाली, तिथेही तीच. पोलीस वर्षानुवर्षं तिच्या मागावर होते. २००९ साली उलगडा झाला. नमुने टिपायच्या कापसाच्या काड्या जिथे बांधल्या जात, तिथल्या एका कामगार बाईचा तो डीएनए होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण जंतू मेले म्हणून डीएनए जात नाही.

पालुपदं मोजण्याच्या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. पहिली, ओळ अखंड हवी. पालुपद मधेच फाटलं तर ते किती वेळा होतं, कसं कळणार? जुन्या हाडांत डीएनएचे तुकडे इतके आखूड झालेले असतात की पूर्ण ओळ मिळतच नाही. दुसरी, खुन्याची नोंद आधीपासून वहीत असायला हवी, किंवा निदान त्याच्या सख्ख्या भावाची, बापाची. याच दोन भिंतींवर हजारो प्रकरणं अडून होती.

वाट निघाली ती हौशी वंशावळकारांच्या अंगणातून. ओळी सोडून सुटी अक्षरं पाहायची. माणसामाणसांत जिथे एकाच अक्षराचा फरक असतो अशा लाखो जागा तपासता येतात आणि त्यासाठी तुकडा आखूड असला तरी भागतं. या अक्षरांवरून लांबचं नातंही दिसतं. सख्ख्या भावंडांत निम्मा डीएनए सामायिक असतो, चुलत-मामे भावंडांत आठवा हिस्सा आणि खापरपणजोबा-खापरपणजी एकच असलेल्या दोघांत सरासरी एक टक्क्याहूनही कमी. तेवढ्यावरूनही नातं ओळखता येतं. यानिव्ह एर्लिच हे जनुकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली सुमारे १३ लाख लोकांच्या नोंदी वापरून दाखवलं की युरोपीय वंशाच्या अमेरिकी माणसासाठी शोध घेतला, तर ६० टक्क्यांहून अधिक वेळा खापरपणजोबांपर्यंतच्या नात्यातलं कुणीतरी सापडतं. स्वतः त्या माणसाने वंशावळ शोधायला कधी थुंकीची बाटली भरून दिलेली नसली तरी.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात जोसेफ डीअँजेलो पकडला गेला. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतले १३ खून आणि कितीतरी बलात्कार त्याच्या नावावर. एकेकाळी स्वतःच पोलीस. त्याचे दूरचे नातलग सापडले ते 'जीईडीमॅच' या वंशावळीच्या संकेतस्थळावर. तिथून पूर्वज, पूर्वजांपासून खाली पसरत आलेल्या फांद्या आणि शेवटी त्याच्या गाडीच्या दाराची मूठ आणि कचऱ्यातला टिश्यू. या तपासावर भरपूर लिहिलं गेलं. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. जो नमुना कामी आला तो व्हेंचुरा काउंटीतल्या १९८०च्या एका प्रकरणातला. तिथल्या शवचिकित्सकाला नमुन्यांचा एक जादा संच करून ठेवायची सवय होती. पहिला संच तपासण्यांत संपत गेला, दुसरा फ्रीजरमध्ये पस्तीसहून अधिक वर्षं तसाच राहिला. १९८०मध्ये डीएनएवरून माणूस ओळखता येतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. अ‍ॅलेक जेफ्रीज या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञाला लेस्टरच्या प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा दिसलं १९८४च्या सप्टेंबरात.

आपल्याकडेही घराण्यांचे कुलवृत्तांत छापायची हौस मोठी. पण त्यांत लेकी लग्नापर्यंतच येतात, पुढे त्यांची फांदी गळते. या कामाला मात्र लेकींच्या फांद्याही तितक्याच लागतात.

लिली रशच्या फिलाडेल्फियात याचा एक विलक्षण दाखला आहे. फेब्रुवारी १९५७मध्ये फॉक्स चेस भागात रस्त्याकडेला पाळण्याच्या रिकाम्या खोक्यात एका लहान मुलाचा मृतदेह सापडला. अंगावर ब्लँकेट गुंडाळलेलं, केस नुकतेच वेडेवाकडे कापलेले. पोलिसांनी त्याच्या चेहऱ्याची लाखो पत्रकं वाटली. कुणीही पुढे आलं नाही. १९९८मध्ये अवशेष बाहेर काढले, तेव्हा दातातून मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या कणांचा डीएनए मिळाला. पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात म्हणून तो टिकतो, पण तो फक्त आईकडून येतो आणि आई, आजी, पणजी अशा बायकांच्या ओळीतून आलेल्या सगळ्यांत जवळपास सारखाच असतो. एवढ्यावर नाव कळेना. २०१९मध्ये अवशेष पुन्हा काढले. या वेळी तुकड्यातुकड्यांतून अक्षरं जुळवली गेली आणि आईकडचे नातलग सापडले. तिथून पुढचं काम प्रयोगशाळेतलं नव्हतंच: त्यांच्यावरून कळलेल्या आईच्या मुलांचे जन्मदाखले काढले, एकावर वडिलांचं नाव मिळालं, आणि वडिलांकडच्या नातलगांशीही डीएनए जुळला.

८ डिसेंबर २०२२ रोजी पोलिसांनी त्याचं नाव जाहीर केलं. जोसेफ, जन्म १३ जानेवारी १९५३. ज्या थडग्यावर 'अमेरिकेचं अनोळखी मूल' असं कोरलेलं होतं, तिथे पुढच्या १३ जानेवारीला त्याचं नाव लागलं. त्याला कुणी मारलं, हा तपास अजून उघडा आहे.