जेट बोटीतल्या बिग-ब्लॉकचा स्ट्रोक वाढवावा का? या प्रश्नामागचा इतिहास

जुन्या अमेरिकन जेट बोटीचं (पंख्याऐवजी पाण्याचा झोत मागे फेकून धावणाऱ्या बोटीचं) बिग-ब्लॉक, म्हणजे मोठ्या आकाराचं व्ही-८ इंजिन कामासाठी उघडलं, की मालकापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. आहे ती क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीला फिरतं करणारा दांडा) ग्राइंड करून परत बसवायची, की जास्त स्ट्रोकची, म्हणजे पिस्टनला लांब धाव देणारी, नवी घालायची? शेवरलेच्या ४५४ घनइंचांच्या इंजिनात मूळ स्ट्रोक ४ इंचांचा असतो. ४.२५ इंचांची क्रँक घातली आणि सिलिंडर ०.०६० इंच बोअर केले, म्हणजे आतून रुंद केले, तर तेच इंजिन ४९६ घनइंच आकारमानाचं होतं. फोर्डच्या ४६० मध्ये ३.८५ च्या जागी ४.३० इंचांची क्रँक घालून आणि सिलिंडर ०.०३० इंच बोअर करून ५२१ घनइंचांपर्यंत जाता येतं. आकडे मोहात पाडणारे आहेत. पण हा प्रश्न रस्त्यावर जन्मला आणि तिथून पाण्यात उतरला, हे आधी समजून घ्यावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण पोरं फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनांवर हात साफ करत होती. फोर्डच्या क्रँकचा स्ट्रोक ३.७५ इंच होता. १९४९ मध्ये मर्क्युरी गाडी ४ इंच स्ट्रोकची क्रँक घेऊन आली, आणि ती फोर्डच्या ब्लॉकमध्ये बसवता येत होती. भंगारातून उचललेल्या एका भागावर ताकद वाढायची. पुढे कारखान्यांनीही हीच वाट धरली. शेवरलेच्या ४२७ आणि ४५४ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) सारखाच, ४.२५१ इंच. १९७० मध्ये स्ट्रोक ३.७६ वरून ४ इंचांवर नेला आणि ४५४ तयार झालं. म्हणजे आज ज्याचा स्ट्रोक वाढवायचा विचार चालतो, ते इंजिन एकदा वाढवलेलंच आहे.

जेट बोटीची गोष्ट मात्र न्यूझीलंडमध्ये सुरू होते. मॅकेंझी भागातल्या आयरिशमन क्रीकवर मेंढ्यांचं मोठं रान सांभाळणारे बिल हॅमिल्टन यांना तिथल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांमधून प्रवाहाविरुद्ध वर जायचं होतं. पाण्याखाली पंखा असलेली बोट तिथे दगडावर आपटून निकामी व्हायची. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी बोटीच्या तळातून पाणी ओढून मागे फेकणारा पंप बसवला. पाण्याचा झोत पृष्ठभागाच्या वरून सोडला तेव्हा ही कल्पना खऱ्या अर्थाने चालू लागली. १९६० मध्ये हॅमिल्टन जेटच्या बोटी कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. आपल्याकडेही या बोटी आलेल्या आहेत. १९७७ मध्ये एडमंड हिलरी बंगालच्या उपसागरापासून गंगेतून वर निघाले ते हॅमिल्टनच्या जेट बोटी घेऊनच, आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्यापाशी त्यांना थांबावं लागलं.

अमेरिकेत या पंपाला वेगळंच वळण मिळालं. कॅलिफोर्नियाच्या बर्कली पंप कंपनीने जेट ड्राइव्ह बाजारात आणली, आणि १९७० च्या दशकात सुमारे १८ फुटांच्या, बुटक्या, चकचकीत बोटींमध्ये तिच्यामागे बिग-ब्लॉक इंजिनं जोडली जाऊ लागली. ओल्ड्समोबिलचं ४५५ त्यात फार चाललं. त्याचा स्ट्रोक कारखान्यातूनच ४.२५ इंच होता, कमी फेऱ्यांवर जोर भरपूर होता. पण त्याच इंजिनाने एक धडाही दिला. त्याचे मेन जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) ३ इंच व्यासाचे, त्यामुळे फेरे वाढले की बेअरिंगवरचा घसरवेग खूप चढतो. शिवाय तेल वर साचून राहतं आणि तळातल्या तेलपंपाला कमी पडतं. गाडीत हे सहसा जाणवत नाही, कारण पूर्ण थ्रॉटल तिथे काही सेकंदांचा असतो. बोटीला उतार नसतो. तिथे इंजिन सतत ओढत राहतं.

गाडी आणि जेट यांतला खरा फरक इम्पेलरमध्ये, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चक्रात आहे. जेटमध्ये गिअरबॉक्स नसतो, क्रँक आणि इम्पेलर एकास एक फिरतात. इम्पेलर जी ताकद खातो, ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला ४,५०० वरून ५,००० फेऱ्यांवर जायचं तर सुमारे ३७ टक्के जास्त अश्वशक्ती लागते. आता ४५४ चं ४९६ केलं आणि ताकदही आकारमानाइतकीच, म्हणजे साधारण ९ टक्के, वाढली असं धरू. पूर्ण थ्रॉटलला ४,८०० फेरे घेणारी बोट मग ४,९४० च्या आसपास पोहोचेल. पूर्वीपेक्षा फक्त १४० फेरे जास्त. एवढ्यासाठी क्रँक, रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे), पिस्टन आणि बॅलन्सिंगचा खर्च करणाऱ्याला हे गणित आधी कुणीतरी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मग स्ट्रोक वाढवणं वाया जातं का? नाही. तेवढीच ताकद कमी फेऱ्यांवर मिळत असेल तर मोठा इम्पेलर फिरवता येतो. बर्कलीच्या मापांत बी च्या जागी ए, किंवा ए च्या जागी एए. फेरे कमी राहिले तर इंजिन जास्त टिकतं. पण लांब स्ट्रोकची किंमतही चुकवावी लागते. ५,००० फेऱ्यांवर ४ इंच स्ट्रोकचा पिस्टन सरासरी सुमारे १६.९ मीटर प्रतिसेकंद वेगाने धावतो, ४.२५ चा १८ मीटरने. लाटांवर बोट उडून पंपाने हवा ओढली की भार एकदम नाहीसा होतो, फेरे उसळतात, आणि तेव्हा रॉडचे बोल्ट खरी परीक्षा देतात. त्यात लांब क्रँक सिलिंडरच्या खालच्या कडेला आणि ऑइल पॅनला लागू शकते, म्हणून ब्लॉक घासून जागा करावी लागते.

हा प्रश्न आज इतक्या घरांत पोहोचलाय, कारण सामान सहज मिळतं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर गाड्यांमधली बिग-ब्लॉक इंजिनं मागे पडत गेली. ओल्ड्स ४५५ चं शेवटचं वर्ष १९७६. पण ट्रकमध्ये फोर्ड ४६० अगदी १९९७ पर्यंत चाललं आणि ४५४ त्याच्याही पुढे. त्यामुळे ब्लॉक मिळत राहिले. पुढे स्वस्त ओतीव क्रँकचे तयार संच बाजारात आले. पूर्वी क्रँकपिनवर (रॉड जिथे जोडला जातो त्या भागावर) वेल्डिंगने धातू चढवून वेगळ्या केंद्रावर ग्राइंड करावी लागायची, ते काम आता टळलं. २००१ मध्ये जनरल मोटर्सनेच ४.३७ इंच स्ट्रोकचं ८.१ लिटरचं इंजिन काढलं. तेही ४९६ घनइंचांचं, आणि बोटींची इंजिनं बनवणाऱ्या मर्क्रूझरने ते बोटींसाठी वापरलं.

ट्रकमधून काढलेल्या ४५४ ला बहुधा लहान पोर्टची, म्हणजे हवेला अरुंद वाट देणारी, हेड असतात. ती तशीच ठेवून फक्त क्रँक बदलली, तर वाढलेल्या आकारमानाला पुरेशी हवा मिळत नाही आणि वरच्या फेऱ्यांवर हाती फारसं लागत नाही. त्यामुळे क्रँक शाबूत असेल तर पैसा आधी हेड आणि कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) घालावा, आणि इम्पेलरच्या कडांना धार लावून त्याच्या नि भोवतालच्या कड्यामधली फट नीट करून घ्यावी. क्रँक तशीही बाद झाली असेल, तर मात्र ४.२५ ची घ्यायला हरकत नाही.