मोटारीचा इंधनखप : इंजिनाचा आकार आणि चालवण्याच्या सवयी

मोटारीने ठरावीक अंतर कापताना जाळलेले इंधन म्हणजे तिचा इंधनखप. भारतात तो उलट्या बाजूने मोजतात : एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते. बोलीत त्यालाच ‘अ‍ॅव्हरेज’ किंवा ‘मायलेज’ म्हणतात, आणि जुनी गाडी पाहायला आलेला माणूस बॉनेट उघडायच्या आधी ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हे विचारतो. उत्तर बहुतेकदा सीसीवरून दिले जाते. लहान इंजिन कमी पिते, मोठे जास्त पिते, ही समजूत ढोबळमानाने बरोबर आहे. पण एकाच मॉडेलच्या दोन गाड्या दोन चालकांच्या हाती वेगवेगळे अ‍ॅव्हरेज देतात, आणि हा फरक पुष्कळदा दोन इंजिनांमधल्या फरकाहून मोठा निघतो.

युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर लागले, असे मोजतात. हिशेबाला तीच पद्धत सरळ आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे अ‍ॅव्हरेज १० वरून १२ झाले तर २०० लिटर वाचतात. २० वरून २४ झाले तर वाचतात फक्त १००, जरी चाराचा फरक दोनापेक्षा मोठा दिसत असला तरी. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या अमेरिकी संशोधकांनी २००८ साली या फसगतीकडे लक्ष वेधले. म्हणजे सुधारणेचा खरा पैसा जास्त पिणाऱ्या गाडीत असतो, आणि तिचा मालक ‘हिचं अ‍ॅव्हरेज असंच’ म्हणून नेमका तिथेच हिशेब सोडून देतो.

सीसी म्हणजे इंजिनाची घनक्षमता : सिलिंडरांमधले दट्टे (पिस्टन) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा मोकळी करतात तिची बेरीज. अ‍ॅम्बॅसॅडरचे जुने पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचे, मुंबईची टॅक्सी म्हणून नाव काढलेल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे, १९८३ साली आलेल्या मारुती ८००चे ७९६ सीसीचे आणि नॅनोचे ६२४ सीसीचे होते. या आकड्याला आपल्याकडे एवढा मान मिळण्याचे एक कारण करात आहे. चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोलसाठी १२००, डिझेलसाठी १५०० सीसीपर्यंतचे इंजिन अशी लहान मोटारीची व्याख्या आहे. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी लागतो. ११९७ किंवा ११९९ सीसी असले काठावरचे आकडे त्यातून आले आहेत. त्यांचा संबंध इंधनाशी कमी आणि कराशी जास्त आहे.

मोठे इंजिन जास्त का पिते हे समजायला, गाडीला मुळात किती ताकद लागते ते पाहावे. चालकासह अकराशे किलोची लहान मोटार सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने चालली असेल तर हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण मिळून तिला साडेसात किलोवॉट, म्हणजे दहा अश्वशक्ती पुरतात. बॉनेटखाली मात्र सत्तर-ऐंशी अश्वशक्तीचे इंजिन असते. उरलेली ताकद ओव्हरटेक आणि चढ यांसाठी राखून ठेवलेली असते, आणि बहुतेक वेळ ती रिकामीच बसते. पेट्रोल इंजिनाला असे बसणे महाग पडते. कमी ताकद हवी असते तेव्हा हवेच्या वाटेवरची थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते, आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची शक्ती खर्च होते. नाकपुड्या दाबून धरून श्वास घ्यावा तसे. शिवाय दट्टे, रिंगा आणि बेअरिंग यांचे घर्षण काम कमी झाले म्हणून कमी होत नाही. चांगले पेट्रोल इंजिन भरपूर भाराखाली इंधनातल्या ऊर्जेपैकी ३५ टक्क्यांच्या वर ऊर्जा कामाला लावते. तेच शहरात रेंगाळताना १५-२० टक्क्यांवर येते. इंजिन जितके मोठे तितका त्याच रस्त्यावर त्याच्यावरचा भार तुलनेने हलका, म्हणून नासाडी जास्त.

तरीही नुसत्या सीसीने किती फरक पडतो, याचे चांगले उदाहरण मारुतीची वॅगन आर आहे. तीत ९९८ आणि ११९७ सीसी अशी दोन पेट्रोल इंजिने मिळतात. २०२२ च्या मॉडेलसाठी हाताच्या गिअरचे प्रमाणित आकडे अनुक्रमे २४.३५ आणि २३.५६ किलोमीटर होते. सीसीत वीस टक्क्यांची वाढ, अ‍ॅव्हरेजमध्ये तीन टक्क्यांची घट. त्याच ९९८ सीसीच्या इंजिनाला संगणकाने गिअर बदलणारी यंत्रणा जोडली की आकडा २५.१९ वर जातो. गाडी तीच, इंजिन तेच, गिअरपेटीसुद्धा मुळात तीच. फक्त गिअर केव्हा बदलायचा हे ठरवणारा बदलला, आणि दोनशे सीसीने जेवढे गेले होते तेवढे परत आले. या विषयातले हे सर्वांत बोलके उदाहरण मानायला हरकत नाही.

सीसी आणि अ‍ॅव्हरेज यांचे नाते सरळ नाही हे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिड गाड्यांनीही दाखवले. ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिड प्रकारात १४९० सीसीचे इंजिन आहे, गाडी वॅगन आरपेक्षा बरीच जड आहे, आणि प्रमाणित आकडा २७.९७ आहे. हलक्या भारावर ते इंजिन बंद राहते आणि मोटर गाडी ओढते; ब्रेक मारताना वाया जाणारी गती बॅटरीत परत जाते. डिझेलमध्ये इंजिनाची ताकद हवा अडवून कमी करत नाहीत, इंधन कमी सोडून करतात, त्यामुळे हलक्या भारावरचा तोटा तिथे कमी. फियाटचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत बसले ते याच गुणावर. एक लिटरच्या, म्हणजे सुमारे हजार सीसीच्या, टर्बो पेट्रोल इंजिनांत आकार लहान ठेवून गरजेपुरती हवा दाबून भरतात. अशी गाडी शांतपणे चालवली तर लहान इंजिनासारखी पिते, सतत दामटली तर मोठ्यासारखी.

आता चालवण्याकडे. शहरात इंधन मुख्यतः जाते ते गाडीला पुन्हापुन्हा वेग देण्यात. माणसांसह १२०० किलोची मोटार थांबलेल्या स्थितीतून ६० च्या वेगाला नेली की त्या वेगात सुमारे १६७ किलोज्यूल ऊर्जा साठते. इंजिन चौथा हिस्सा ऊर्जाच कामी लावते असे धरले तर त्यासाठी २० मिलिलिटर पेट्रोल जळते : चहाच्या लहान चमच्याने चार चमचे. पुढचा सिग्नल लाल आहे हे दिसत असूनही पाय तसाच ठेवून शेवटी करकचून ब्रेक दाबला, तर ते चारही चमचे ब्रेकच्या चकत्या तापवण्यात गेले. अशी पन्नास थांबणी म्हणजे एक लिटर. तीच गाडी ४० पर्यंतच नेली तर खर्च निम्म्याहून कमी, नऊ मिलिलिटरच्या आसपास, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लांबून सिग्नल हेरून आधीच पाय उचलणारा चालक विशेष काही करत नाही, फक्त आधी विकत घेतलेली गती पुरवून वापरतो. पुढच्या गाडीशी अंतर ठेवले तरच हे जमते. बंपरला बंपर लावून चालवणाऱ्याला दर दहा सेकंदांनी ब्रेक मारावाच लागतो.

म्हणून पिकअप घेताना अगदी घाबरतघाबरत पाय दाबावा, असे मात्र नाही. इंजिन बऱ्यापैकी भाराखाली सर्वांत किफायतशीर चालते. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर बेताने पण ठामपणे दाबावा, पेट्रोलच्या गाडीत मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास वरचा गिअर टाकावा आणि हवा तो वेग आला की पाय सैल करावा. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओरडेपर्यंत ओढत नेणे ही पेट्रोल जाळायची सर्वांत सोपी रीत आहे. उलट टोकाला, २५ च्या वेगाला चौथा टाकला की इंजिन ठोकू लागते, गाडी हिसके देते; त्यातही बचत नाही. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय चढावरच्या कोंडीत दिसते. तिच्यात इंधन आणि क्लचप्लेट दोन्ही जळतात.

महामार्गावर वेगाचा हिशेब वेगळा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो : ८० वरून १०० वर गेले की तो सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो, आणि वर सांगितलेल्या लहान मोटारीला साडेसाताऐवजी साडेबारा किलोवॉट लागू लागतात. १२० ला ही गरज वीस किलोवॉटला पोचते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७४ साली देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा लावली ती याच कारणाने. बहुतेक मोटारी वरच्या गिअरमध्ये ५० ते ८० च्या दरम्यान सर्वांत कमी पितात. सतत वेग वाढवणे-कमी करणे टाळले तर अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार महामार्गावर १५ ते ३० टक्के आणि थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीत १० ते ४० टक्के फरक पडतो.

इंजिनाचा आकार आणि चालकाची सवय या दोन्हींची गाठ घाटात पडते. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर उंच जाते. १२०० किलोच्या गाडीला केवळ उंचीसाठी सहाशे मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल द्यावे लागते. सीसी कितीही असला तरी हा भाग टळत नाही. पाच माणसे, भरलेली डिकी आणि चालू एसी घेऊन निघालेले एक लिटरचे इंजिन इथे दुसऱ्या गिअरमध्ये चार-साडेचार हजार फेऱ्यांवर जाते, आणि पूर्ण दाबलेल्या अ‍ॅक्सिलरेटरला बऱ्याच इंजिनांत इंधनाचे मिश्रणही गडद केले जाते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडले जाते. दीड लिटरचे इंजिन तोच चढ तिसऱ्यात, निवांत काढते. सपाटीवर लहान इंजिनाने कमावलेले बरेचसे इथे जाते. ज्याचा रोजचा रस्ता घाटाचा किंवा भरल्या गाडीचा आहे त्याने केवळ कमी सीसी पाहून गाडी घेऊ नये.

उतरताना गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कार्ब्युरेटरच्या काळात तिच्यात थोडे तथ्य होते, कारण गिअरमध्ये फिरणारे इंजिन हवेबरोबर पेट्रोलही ओढत राही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पाय उचलून गाडी गिअरमध्ये ठेवली की इंजेक्टर पेट्रोल पूर्ण बंद करतात. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केले की इंजिन स्वतःला चालू ठेवण्यासाठी पुन्हा पेट्रोल घेऊ लागते. म्हणजे लांब उतारावर न्यूट्रलने बचत होत नाही, खर्च होतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की इंजिनाचा रोध सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून निकामी होतात. बोरघाटात अशाने जीव गेले आहेत. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम इंधनाच्याही हिताचा आहे.

उभ्या गाडीचे चालू इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पिते, एसी असेल तर आणखी. दहा-पंधरा सेकंदांहून जास्त थांबायचे असेल तर ते बंद केलेले बरे. पुन्हा चालू करायला लागणारे इंधन त्याहून कमी असते. सकाळी गाडी पाच मिनिटे उभी ठेवून गरम करण्याची रीतही चोकच्या दिवसांतली आहे. थंड इंजिन जास्त पिते हे खरे, पण ते हळूहळू चालवल्यानेच लवकर गरम होते. म्हणूनच मंडईपर्यंतच्या दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत गाडीचे अ‍ॅव्हरेज कधीच चांगले येत नाही. चाकात हवा कमी असणे, रिकामे कॅरिअर छतावर वागवणे आणि एअर फिल्टर तुंबू देणे यांचा फटका थोडाथोडा असला तरी रोजचा असतो.

प्रमाणित आकडे इतके चढे का दिसतात, याचे उत्तर चाचणीत आहे. हे काम करणाऱ्या संस्थांतली प्रमुख म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया). वेताळ टेकडीचा तिच्या शेजारचा भाग पुणेकर तिच्याच नावाने ओळखतात. चाचणीत गाडी रस्त्यावर नव्हे, रोलरवर चालवतात. ठरलेला वेगक्रम वीस मिनिटांच्या आत संपतो आणि कमाल वेग ताशी ९० पर्यंतच जातो. शहरी भागात शून्यावरून ५० ला पोचायला २६ सेकंद दिलेले असतात. सिग्नल सुटल्यावर एवढ्या संथपणे निघणाऱ्या गाडीला मागून हॉर्न ऐकावे लागतील. आकडा खोटा नसतो. तो एका अतिशय शांत, एकट्या चालकाचा असतो. गाड्या आपसांत ताडून पाहायला तो उपयोगी आहे, घरच्या खर्चाचा अंदाज बांधायला नाही.

अलीकडे यात इथेनॉलची भर पडली आहे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात साध्या पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. जुन्या नोंदींशी आजचे अ‍ॅव्हरेज ताडताना हे ध्यानात ठेवावे, नाहीतर दोष गाडीच्या माथी जातो.

अ‍ॅव्हरेज काढण्याची खात्रीची पद्धत टाकी-ते-टाकी हीच. पंपाची नळी आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्य करावा, नेहमीसारखी गाडी चालवावी आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरून मधले किलोमीटर भरलेल्या लिटरनी भागावेत. ४१२ किलोमीटर आणि २४.६ लिटर, तर १६.७. शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकून, काट्याकडे बघून काढलेला आकडा धरू नये, आणि एका टाकीवरून निकाल देऊ नये. नळी कधी लवकर बंद पडते, कधी उशिरा. सलग चार टाक्यांची नोंद डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत ठेवली, तर पाचव्या टाकीला पाय हलका ठेवल्याने काय झाले ते त्याच पानावर दिसते.