वाचकाच्या पानावरची बोली: कंटेंट नेटवर्कवरील पे-पर-क्लिक मोहिमांची पार्श्वभूमी

सर्चच्या पानावर आलेला माणूस काहीतरी शोधत असतो. लेख, म्हणजे कंटेंट, उघडून बसलेला माणूस वाचत असतो. पे-पर-क्लिक, म्हणजे प्रत्येक क्लिकमागे पैसे मोजण्याच्या, जाहिरात मोहिमा सांभाळणाऱ्यांची बहुतेक डोकेदुखी या एका फरकातून आलेली आहे, आणि जाहिरात-यंत्रणांनी हा फरक मान्य करायला बरीच वर्षं घेतली. वेगळी बोली (एका क्लिकला किती पैसे द्यायची तयारी आहे ते), साइट वगळण्याची सोय, प्लेसमेंटचा (जाहिरात कुठल्या पानांवर दिसली त्याचा) अहवाल ही आज गृहीत धरलेली साधनं एकदम मिळालेली नाहीत. जाहिरातदारांचे पैसे वाया गेले, त्यांनी तक्रारी केल्या आणि मग ती एकेक करून हाती आली.

वेबवरची जाहिरात सुरू झाली ती मजकुराच्याच पानांवर. ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड या संकेतस्थळावर एटी अँड टीसह काही कंपन्यांचे बॅनर लागले. तेव्हा जागेचे पैसे ठरवून दिले जात, जसे छापील मासिकाला देतात. पुढे हजार इम्प्रेशनमागे, म्हणजे जाहिरात हजार वेळा दिसण्यामागे, दर ठरू लागला. १९९६ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने याहूशी करार करताना वेगळीच अट घातली: बॅनर किती वेळा दिसला याचे पैसे नाहीत, क्लिक झाला तरच. प्रकाशकांना हे अजिबात रुचलं नाही. जाहिरात कंटाळवाणी असेल तर तिचा तोटा आम्ही का सोसायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि आजही आहे.

क्लिकच्या दराला लिलावाची जोड मिळाली ती मात्र सर्चमध्ये. बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने १९९८ मध्ये शोधशब्दांवर उघड बोली सुरू केली. जो जास्त बोली लावेल तो वर. हीच कंपनी २००१ मध्ये ओव्हर्चर झाली आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. गुगलचं अ‍ॅडवर्ड्स हे जाहिराती विकण्याचं साधन ऑक्टोबर २००० मध्ये आलं तेव्हा ते इम्प्रेशनवरच पैसे घेत होतं. क्लिकवरचा लिलाव त्यांनी फेब्रुवारी २००२ मध्ये आणला. त्यात एक महत्त्वाची भर होती. क्रम ठरवताना बोलीबरोबर क्लिक-थ्रू रेटही (पाहणाऱ्यांपैकी किती जण क्लिक करतात ते) मोजला जाऊ लागला, म्हणजे लोकांना उपयोगी वाटणारी जाहिरात कमी बोलीतही वर जाऊ शकत होती.

सर्चसाठी बेतलेली ही सगळी यंत्रणा २००३ मध्ये उचलून लेखांच्या पानांवर आणली गेली. मार्चमध्ये गुगलने निवडक संकेतस्थळांवर मजकुरानुसार जाहिराती दाखवायला सुरुवात केली; अशा संकेतस्थळांच्या जाळ्याला कंटेंट नेटवर्क म्हणत. एप्रिलमध्ये पानाचा विषय ओळखण्याचं तंत्रज्ञान असलेली अ‍ॅप्लाइड सेमँटिक्स ही कंपनी घेतली आणि जूनमध्ये अ‍ॅडसेन्स हे आपल्या पानावर अशा जाहिराती लावण्याचं साधन छोट्या प्रकाशकांसाठीही खुलं केलं. प्रकाशकांसाठी हा मोठाच बदल होता. जाहिरात विकायला माणूस नसलेल्या, एकट्या लेखकाने चालवलेल्या संकेतस्थळालाही उत्पन्न मिळू लागलं. वेबवर आजवर जे मोफत वाचायला मिळालं, त्यातल्या बऱ्याच मजकुराचा खर्च या क्लिकांमधून निघाला आहे. जाहिरातदाराच्या बाजूने या व्यवस्थेवर टीका करताना हे विसरून चालणार नाही.

जाहिरातदाराला मात्र सुरुवातीला कळलंच नाही की आपली जाहिरात आता दुसरीकडेही दिसते आहे. कीवर्ड (शोधशब्द) तेच, बोली तीच, मजकूरही तोच. शब्द जुळले म्हणजे विषय जुळला असं यंत्र धरून चालायचं. त्याच काळात न्यूयॉर्क पोस्टच्या संकेतस्थळावर एका खुनाच्या बातमीशेजारी सुटकेसची जाहिरात लागली. मृतदेहाचे तुकडे सुटकेसमध्ये भरलेले होते आणि यंत्राने तेवढाच शब्द उचलला. हे उदाहरण पुढे वर्षानुवर्षं दिलं गेलं. पण रोजचं नुकसान इतकं ठळक नव्हतं. वाचणाऱ्याने उत्सुकतेपोटी केलेल्या क्लिकला खरेदीच्या विचारात असलेल्याच्या क्लिकचा दर पडत होता, आणि अहवालात दोन्हींची बेरीज एकच दिसे.

गुगलने एप्रिल २००४ मध्ये ‘स्मार्ट प्रायसिंग’ आणलं. एखाद्या पानावरचा क्लिक ग्राहक मिळवून देण्याची शक्यता कमी असेल, तर त्याचा दर आपोआप खाली यावा, ही कल्पना. कल्पना चांगली होती, पण दर कशावरून आणि किती कमी झाला हे ना जाहिरातदाराला दिसे, ना प्रकाशकाला. हाती खरी सूत्रं आली ती नोव्हेंबर २००५ मध्ये, कंटेंटसाठी वेगळी बोली लावता येऊ लागली तेव्हा. माझ्या मते या इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा टप्पा. सर्चची आणि कंटेंटची मोहीम स्वतंत्र ठेवा, हा अनुभवी माणसांचा सल्ला तिथूनच रूढ झाला. कंटेंटसाठीचे अ‍ॅड ग्रुपही (शब्द आणि जाहिरातींचे गट) वेगळ्या पद्धतीने बांधावे लागतात. सर्चमध्ये प्रत्येक कीवर्ड स्वतंत्रपणे काम करतो, तर इथे गटातले सगळे शब्द मिळून पानाचा विषय सुचवतात. म्हणून शेकडो शब्दांची लांबलचक यादी इथे बाधते. एका विषयाचे मोजके शब्द आणि वाचनातून लक्ष वेधणारा मजकूर जास्त चालतो.

तरीही मूळ प्रश्न उरलाच: पैसे नेमके कुठल्या पानावर गेले? प्लेसमेंटचा अहवाल २००७ मध्ये मिळाला तेव्हा अनेकांना पहिल्यांदा आपल्या जाहिरातींचा प्रत्यक्ष पत्ता दिसला. त्यात चांगल्या साइट होत्या, तशीच वाचण्यासारखं काही नसलेली, केवळ जाहिराती दाखवण्यासाठी उभारलेली पानंही होती. साइट वगळण्याच्या यादीला खरा अर्थ आला तो या अहवालामुळे.

बनावट क्लिकांचा प्रश्नही कंटेंटच्या पानांवर जास्त तीव्र होता, कारण इथे क्लिकमागे तिसऱ्याला थेट पैसे मिळतात. सर्चमध्ये प्रतिस्पर्ध्याचं बजेट संपवणं एवढाच हेतू असू शकतो. इथे प्रकाशक स्वतःच क्लिक करून किंवा करवून कमावू शकतो. अवैध क्लिकांवरून झालेल्या सामूहिक दाव्यात गुगलने २००६ मध्ये ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने उघड केलेल्या एका टोळीने तर सुमारे ४० लाख संगणकांच्या डीएनएस सेटिंग (नावावरून संकेतस्थळाचा पत्ता शोधण्याची व्यवस्था) बदलून जाहिराती आणि क्लिक वळवले होते, आणि त्यातून किमान १.४ कोटी डॉलर कमावले होते. कोणता प्रकाशक आपली जागा कोणामार्फत विकतो हे जाहीर करणारी अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी ही फाइल २०१७ मध्ये आली. तिने नामांकित साइटचं नाव लावून जागा विकण्याचे प्रकार बरेच अवघड केले.

दरम्यान लक्ष्यच बदलत गेलं. डबलक्लिक या जाहिरात-तंत्रज्ञान कंपनीची खरेदी २००८ मध्ये पूर्ण झाल्यावर गुगलने २००९ मध्ये वाचकांच्या आवडींनुसार आणि २०१० मध्ये रीमार्केटिंगने (साइटवर येऊन गेलेल्यांनाच पुन्हा) जाहिराती दाखवायला सुरुवात केली. त्याच वर्षी कंटेंट नेटवर्कचं नाव डिस्प्ले नेटवर्क झालं. पान कशाबद्दल आहे यापेक्षा वाचणारा कोण आहे, याला वजन आलं. रीमार्केटिंगचे आकडे अनेकदा फार देखणे दिसतात, पण त्यातले काही लोक जाहिरातीशिवायही परत आले असते. हे तपासल्याशिवाय त्या आकड्यांवर बजेट वाढवू नये.

मग बोलीही यंत्राकडे गेली. हाताने लावलेल्या दरांऐवजी कन्व्हर्जनच्या, म्हणजे क्लिकनंतर खरेदी किंवा नोंदणी होण्याच्या, अंदाजावर चालणाऱ्या बोली रुळल्या. २०२१ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या गुगलच्या परफॉर्मन्स मॅक्स या मोहिमेच्या प्रकारात सर्च, डिस्प्ले, व्हिडिओ सगळं पुन्हा एकाच मोहिमेत आलं. सुरुवातीला त्याच्या प्लेसमेंट अहवालात साइटची नावं आणि इम्प्रेशन एवढंच होतं. कुठल्या साइटवर किती खर्च झाला ते नव्हतं. म्हणजे २००५ आणि २००७ मध्ये झगडून मिळालेली दोन साधनं इथे निम्मी परत गेली. यंत्राला खोट्या फॉर्म-नोंदी कन्व्हर्जन म्हणून दिल्या तर ते आणखी तशाच नोंदी आणणाऱ्या पानांकडे पैसा नेतं. त्यामुळे सांभाळणाऱ्याचं काम बोलीवरून सरकून कन्व्हर्जनची व्याख्या नेमकी ठेवणं, खात्याच्या पातळीवर वगळायच्या साइट आणि अ‍ॅप्सची यादी राखणं, आणि विक्रीचा खरा हिशेब यंत्राला परत पुरवणं इथे आलं आहे.

प्रकाशकांच्या बाजूला २०२४ मध्ये अ‍ॅडसेन्सने क्लिकऐवजी इम्प्रेशनवर पैसे द्यायला सुरुवात केली. जाहिरातदार अजूनही क्लिकवर बोली लावू शकतो. त्या बोलीचं इम्प्रेशनच्या दरात रूपांतर मधली यंत्रणा करते.