शाळेच्या ताटातलं लोह

मुंबईतल्या पालिका शाळेत मधल्या सुट्टीला खिचडीचं पातेलं उघडतं, त्यामागे एक ठरलेला हिशेब असतो. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. यातून ४५० किलोकॅलरी ऊर्जा आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. सहावी ते आठवीला हेच आकडे ७०० आणि २०. केंद्राची ही शालेय मध्यान्ह भोजनाची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, पण सुरुवातीला बऱ्याच राज्यांत मुलांच्या हाती कोरडं धान्यच पडायचं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला, तेव्हा कुठे शाळेत ताटं वाजायला लागली.

हिशेबात खोट काढण्यासारखं फारसं नाही. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो तांदूळ भरून काढतो. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे या १२ ग्रॅमच्या निम्मी. राज्याने २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एकदा अंडं द्यायला सुरुवात केली आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला. तो निर्णय मला तरी पटलेला नाही. असो.

अडचण पुढे आहे. हे सगळे आकडे ताटापर्यंतचे. ताटातून पोटात आणि आतड्यातून रक्तात किती गेलं, हे त्यात कुठेच येत नाही. आणि शाळेत पोषणाचा कार्यक्रम म्हणून जे होतं ते तर ताटाच्याही अलीकडे थांबतं. सप्टेंबरच्या पोषण माहात घोषवाक्यं, चित्रकला स्पर्धा, पालेभाज्यांचं प्रदर्शन, एखाद्या डॉक्टरांचं भाषण. मुलांना मजा येते, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ‘पालकात लोह असतं’ हे तिसरीतल्या मुलाला तोंडपाठ असलं म्हणून त्याचं हिमोग्लोबिन वाढत नाही. शाळेच्या हाती माणसं आणि वेळ थोडा असेल, तर वर्षभर एकट्या लोहाचा पाठपुरावा करावा असं माझं मत आहे. जंतांच्या गोळीपासून साबणापर्यंत बाकीचं सगळं त्याच वाटेवर भेटतं.

लोहच का, तर २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांच्या जवळजवळ २४ टक्के मुलांना रक्तक्षय होता. या वयात डेसिलिटरमागे ११.५ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. लोह फक्त रक्ताला लागतं असंही नाही. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या एका विकराचं लोहावाचून चालत नाही, आणि चेतातंतूंभोवतीचं मायलिनचं आवरण घडतानाही ते लागतं. मागच्या बाकावर पेंगणारा, फळ्यावरचं अर्धंच उतरवून घेणारा मुलगा आळशी असेलही. पण त्याच्या पापणीच्या आतली बाजू एकदा पाहून घ्यायला हरकत नाही. ती फिकट दिसली तर रक्ततपासणीला पाठवावं.

सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह खायला हवं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. शरीराला त्यातलं हवं असतं जेमतेम एक मिलिग्रॅम. उरलेलं वाया जातं हे गृहीत धरूनच पंधराचा आकडा आलेला आहे. धान्य, डाळी आणि भाज्यांतलं लोह बहुतांशी फेरिक रूपात असतं आणि आतड्याच्या पेशींना ते तसं घेता येत नाही. फेरस रूपात आलं तरच दार उघडतं. त्यात धान्यांच्या कोंड्यातलं आणि कडधान्यांतलं फायटिक आम्ल लोहाला धरून ठेवतं. चहातले टॅनिन तर त्याला असे घट्ट चिकटतात, की जेवणासोबत चहा घेतला तर त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं.

इथे मुंबईची सकाळ आठवावी. सकाळ अधिवेशनाची शाळा सातच्या सुमारास भरते. आईला लोकल गाठायची असते, नाहीतर नळाला पाणी यायची वेळ तीच असते. मुलगा चहात खारी बुडवून खातो आणि दप्तर उचलतो. मुलांना चहा देऊ नये हे सगळ्यांना माहीत आहे आणि तो दिला जाणार आहे, हेही सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पालकसभेत ‘चहा बंद करा’ म्हणण्यात अर्थ नाही. आया मान डोलावतात आणि घरी जातात. त्याऐवजी ‘चहा द्यायचाच तर जेवणाच्या आधी-नंतर तासभर नको’ एवढंच सांगावं. दुपार अधिवेशनाच्या मुलांना हे जास्त लागू पडतं, कारण ती साडेअकराला जेवून निघतात आणि त्या जेवणावरच अनेक घरांत अर्धा कप चहा होतो.

चहाच्या उलट काम लिंबाचं. क जीवनसत्त्व फेरिक लोहाचं फेरस करतं आणि फायटिक आम्लाच्या तावडीतूनही त्याला बऱ्यापैकी सोडवतं. अट एकच, ते त्याच घासात, निदान त्याच जेवणात हवं. सकाळी आवळा आणि दुपारी खिचडी याचा लोहाला उपयोग नाही. शिवाय उष्णतेने ते नष्ट होतं, म्हणून लिंबू पातेलं खाली उतरवल्यावर, खरं तर वाढतानाच पिळावं. शहरात खिचडी बहुधा मध्यवर्ती स्वयंपाकघरातून किंवा बचत गटाकडून डब्यांतून येते. तिथे पिळलेलं लिंबू शाळेत पोचेपर्यंत थोडंफार कमी होणारच. वाढणाऱ्या मावशींच्या शेजारी लिंबाच्या फोडींची एक थाळी ठेवली की काम झालं. लिंबू महागलं की पेरूची फोड चालते. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं आणि मुंबईत तो तिखट-मीठ लावून दिला तर नको म्हणणारं मूल अजून जन्मायचंय.

दुसरी युक्ती आपल्याकडे पूर्वापार आहे. मटकीला, मुगाला मोड आणले की बीमध्ये फायटेझ नावाचं विकर जागं होतं आणि फायटिक आम्ल मोडायला लागतं. कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्वही मोड येताना तयार होतं. आहारात आठवड्यातून एकदा मोडाची उसळ आणायला जास्तीचा पैसा लागत नाही, आदल्या दिवशीची आठवण लागते. मात्र मुंबईच्या दमट हवेत मोड आलेलं कडधान्य लवकर चिकट होतं, तेव्हा शाळेसाठी ते नीट शिजवलेलंच हवं. कच्च्या मोडांची भेळ घरी करावी.

आता गोळी. ५ ते १० वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गुलाबी गोळी द्यायची, असं सरकारी धोरण आहे. मोठ्या मुलांची निळी. आठवड्यातून एकदाच का, रोज का नाही? मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते पुढचा दिवसभर तरी आतड्यातून रक्तात जाणारी लोहाची वाट अडवून धरतं. त्यामुळे लागोपाठ दिलेल्या गोळीतलं लोह कमी प्रमाणात शोषलं जातं. मळमळ मात्र पूर्ण होते. गोळी उपाशीपोटी देऊ नये, खिचडीनंतर द्यावी. आणि पहिल्या गोळीच्या आधी घरी चिठ्ठी जावी की दुसऱ्या दिवशी शौचाला काळसर होईल, घाबरू नका. ही चिठ्ठी न गेल्यामुळे पुढच्या आठवड्यात अर्ध्या वर्गाच्या आया फाटकाशी उभ्या राहू शकतात, आणि एकदा ‘शाळेच्या गोळीने पोट बिघडलं’ असं वस्तीत पसरलं की ते वर्ष गेलंच म्हणायचं.

हेच हेप्सिडिन शरीरात संसर्ग झाल्यावरही वाढतं. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, म्हणून शरीर तिजोरीला कुलूप लावतं. ताप, जुलाब, पुन्हा ताप अशा चक्रात सापडलेल्या मुलाला लिंबू पिळून खिचडी दिली तरी कुलूप लागलेलंच. म्हणून नळाशी साबण असणं हाही लोहाचाच कार्यक्रम. साबणाची वडी दोन दिवसांत नाहीशी होते ही शाळांची नेहमीची तक्रार आहे. जुन्या मोज्यात किंवा जाळीच्या पिशवीत घालून ती नळाला बांधली की टिकते. जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास येतो. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची असते, गिळायची नसते. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांची यादी बाईंनी हजेरीपटाला टाचून ठेवावी, कारण आठवड्याभराने त्यांच्यासाठी दुसरी फेरी असते आणि तीच बहुतेक वेळा विसरली जाते.

सगळं नीट करूनही एखाद्या मुलाचं हिमोग्लोबिन हलत नसेल, तर गोळ्या वाढवत बसू नये. थॅलेसेमिया मायनरसारख्या आनुवंशिक कारणानेही ते थोडं कमी राहतं आणि तिथे लोहाचा उपयोग नसतो. रक्ताची वेगळी तपासणी लागते, ते काम डॉक्टरांचं.

कार्यक्रमाचा फायदा झाला की नाही हे मोजमापावरून कळणार, आणि मोजमाप हे शाळेतलं सर्वांत दुर्लक्षित काम आहे. एक उदाहरण पाहा. सात वर्षांचा मुलगा, वजन १८ किलो, खरी उंची ११५ सेंटिमीटर. त्याचा बॉडी मास इंडेक्स (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) येतो १३.६. आता घाईत बूट न काढता, मान वर केलेली असताना त्याची उंची ११८ लिहिली, तर तोच आकडा १२.९ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यांसाठी कृशतेची रेषा १३.१ ला आहे. म्हणजे ठीक असलेलं मूल तीन सेंटिमीटरच्या चुकीने ‘कृश’ ठरलं. मुलींच्या बाबतीत डोक्यावरचा हेअरबँड किंवा वर बांधलेल्या वेण्या हाच घोळ करतात. अनवाणी पाय, टाचा आणि पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर सपाट पाटी टेकवून खूण. वजनकाटा दर वेळी ठरावीक वजन ठेवून तपासायचा. वाण्याकडचं ५ किलोचं माप त्याला पुरतं. आणि वजन मोठ्याने वाचायचं नाही. ‘बत्तीस!’ असा आवाज वर्गात घुमला की त्या मुलीचं वर्षभराचं टोपणनाव ठरतं.

त्या मुलीकडे कार्यक्रमाने पाठ फिरवू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय बाळं जन्मतः वजनाने कमी असतात, पण त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त असते. सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही आपल्याकडे मधुमेह लवकर गाठतो, त्याचं एक मूळ इथे आहे. मुंबईतल्या एकाच वर्गात खुरटलेलं आणि वजन वाढलेलं अशी दोन्ही मुलं शेजारी बसतात, आणि रक्तक्षय दोघांनाही असू शकतो.

शाळेबाहेरच्या गाडीचा विषय इथे निघतोच. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जास्त चरबी, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. दादर-परळच्या गल्ल्यांत ५० मीटर म्हणजे अर्धा रस्ता; नियम पाळला जातो असं म्हणायला मी धजणार नाही. पण वडापावाला एकट्याला धारेवर धरणंही मला मान्य नाही. तो मूल कधीतरी खातं आणि त्याने पोट भरल्याचं त्याला कळतं. रोजच्या रोज पाच-दहा रुपयांना मिळणारं पुडीतलं कुरकुरीत आणि गोड रंगीत पेय यांनी भूक मरते आणि हाती काहीच लागत नाही. ३०० मिलिलिटर कोलात तीस ग्रॅमच्या वर साखर असते. सहा-सात चमचे साखर वर्गात एका ग्लासात ओतून दाखवली तर भाषणाची गरज उरत नाही.

खाण्याची आवड बदलायला मात्र दाखवणं पुरत नाही, चाखवावं लागतं. लीअन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांच्या खाण्यावर अनेक वर्षं काम केलं. नवी चव मुलाला आवडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ती तोंडात जावी लागते. एकदा थुंकलं म्हणजे नावडतं असं नाही. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या सौद्यात चॉकलेटची किंमत वाढते आणि भाजी शिक्षा होऊन बसते, हेही अशा प्रयोगांतून दिसलं आहे. मग शाळेत काय करावं? भाजीचा एकच छोटा तुकडा, आठवड्यातून दोनदा, सक्ती न करता. बाईंनी आधी स्वतः खावा.

मुलांनी स्वतः पिकवलेलं असेल तर अजून सोपं. मुंबईच्या बाजारात वाळूत वाढवलेल्या कोवळ्या मेथीच्या बोटभर जुड्या मिळतात, तिला समुद्रमेथी म्हणतात. तिला बागेची जागा लागत नाही. रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यात धुतलेली रेती, वर भिजवलेले मेथीदाणे, खिडकीत ठेवून रोज पाण्याचा हबका. आठवड्याच्या आत कापायला येते. कडू लागते म्हणून मुलं तोंड वाकडं करतात आणि तरी ‘माझ्या डब्यातली आहे’ म्हणून खातात. रेती धुवायला भरपूर पाणी घ्यावं, दाताखाली कचकचली तर पुन्हा कोणी हात लावणार नाही.

मोजमापाचं वेळापत्रक शेवटी सांगायचं राहिलं. शाळा उघडली की जूनमध्येच वजन-उंची उरकायची घाई असते. पण निम्मी मुलं तेव्हा नुकती गावाहून आलेली असतात. महिनाभर आंबे, फणस आणि आजीच्या हातचं खाऊन आलेल्या मुलाचं वजन पुढे ऑगस्टमध्ये घटलेलं दिसलं, तर दोष खिचडीवर येतो. त्यापेक्षा जुलैचा मध्य धरावा आणि दुसरी फेरी जानेवारीत. हिमोग्लोबिन सुधारायला दोनेक महिने लागतात आणि शरीरातला साठा भरायला त्यानंतर आणखी तीन, तेव्हा ऑगस्टमध्ये सुरू केलेल्या गोळीचा हिशेब दिवाळीच्या आत मागू नये.